लेहेंग्याला खिसा हवाच!

सकाळी बोईसरला लोकल पकडताना एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पास, खांद्यावर सॅक आणि ओढणी सावरायला तिसरा हात नाही. हे तुमचं रोजचंच असेल. भावाच्या पँटला चार खिसे आणि तुमच्या कुर्त्याला एकही नाही, असं का? हा प्रश्न कधी पडला असेल, तर फॅशन डिझायनरचं अर्धं डोकं तुमच्याकडे आहे. अनिता डोंगरे यांनी हाच प्रश्न थेट नवरीपर्यंत नेला आणि लग्नाच्या भरजरी लेहेंग्यालाही खिसे लावले. त्यांच्या कपड्यांचा आपल्या पालघर जिल्ह्याशी संबंध आहे, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

सुरुवात दोन मशीनची

अनिता डोंगरे माहेरच्या सावलानी. सिंधी घर, बालपण मुंबईत, सुट्टी आजीआजोबांकडे जयपूरला. आई मुलांचे कपडे घरीच शिवायची. घरातल्या बायकांनी कामधंदा करायची पद्धत नव्हती, तरी अनिता एसएनडीटीत फॅशन डिझाइन शिकल्या. १९९५ मध्ये बहीण मीना यांच्यासोबत त्यांनी काम सुरू केलं, तेव्हा जवळ होती फक्त दोन शिलाई मशीन.

ऑफिसला जाणाऱ्या मुलींची संख्या वाढत होती, पण त्यांना घालता येतील असे नीट बेतलेले, परवडणारे वेस्टर्न कपडे बाजारात फारसे नव्हते. अनितांनी ते शिवले, तर दुकानदारांनी घ्यायला नकार दिला. मग त्यांनी स्वतःचाच ब्रँड काढला. १९९९ मध्ये ‘अँड’ आला, २००७ मध्ये ‘ग्लोबल देसी’, पुढे नवरीचे कपडे आणि २०१५ मध्ये हातमाग-हस्तकलेचा ‘ग्रासरूट’. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटनची राजवधू केट मुंबईत ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळली, ती अनितांचा ड्रेस घालून. त्या ड्रेससाठी इतक्या उड्या पडल्या की त्यांची वेबसाइटच बंद पडली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला दुकान उघडलं.

ऐकायला परीकथा वाटते ना? पण नीट बघा. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता: ही बाई दिवसभर काय करते आणि तिला काय अडतं?

अमेरिकेतलाही खिसाच

क्लेअर मॅककार्डेल या अमेरिकन डिझायनरचं करिअरही असंच घडलं. ती १९०५ मध्ये मेरीलँडमध्ये जन्मली. तेव्हा अमेरिकेतली फॅशन पॅरिसकडे बघून ठरायची. क्लेअरने मात्र आपल्याकडच्या बायका कशा जगतात ते पाहिलं. १९४२ मध्ये, युद्धाच्या काळात, घरकामाला बाई मिळेना, तेव्हा तिने ‘पॉपओव्हर’ ड्रेस काढला. अंगाभोवती गुंडाळून बांधायचा, धुवायला सोपा, किंमत सात डॉलरच्या आत आणि पुढे मोठा थोरला खिसा! तो हजारोंनी खपला. १९५५ मध्ये ती ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकली. रेशीम-हिऱ्यांपेक्षा एका खिशाने तिला जास्त लांब नेलं.

चारोटीची टीप

आता आपल्या जिल्ह्यात या. बोईसरहून चिल्हार फाट्याला हायवेला लागा आणि डावीकडे वळा, पुढे चारोटी नाका येतो. अहमदाबादला जाणारे तिथे चहाला थांबतात. त्याच चारोटीत अनिता डोंगरे यांच्या संस्थेने गावातल्या बायकांना शिलाई शिकवून तिथेच काम देणारं केंद्र उभं केलं. जव्हारकडेही असं काम सुरू झालं.

यात मोठं काय? आपल्याकडे भातकापणी संपली की अनेक घरं वीटभट्टीवर किंवा वसई-भिवंडीकडे मजुरीला जातात. पोरांची शाळा मध्येच सुटते. काम गावात आलं, तर बाईला घर सोडावं लागत नाही आणि पैसा तिच्या हातात येतो.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलू या. शिवणं आणि डिझायनर होणं एक नाही. टीप मारणारी कुणी एक असते, लेबलवर नाव दुसरीचं असतं आणि पैशातलं अंतर खूप मोठं असतं. कापडाचंही तेच. तारापूर एमआयडीसीत सियाराम, डी-डेकोरसारखे कारखाने आहेत. कापड इथे तयार होतं, पण त्याचं पुढे काय शिवायचं हे बहुतेक वेळा दुसरीकडे ठरतं. ते ठरवणाऱ्या खुर्चीत पालघर-बोईसरची मुलगी का नको?

मग करायचं काय?

स्केचबुक नंतर घ्या. आधी जुना ड्रेस उसवा. बाही कशी बेतलीय, मुंढा कुठे वळतो, अस्तर कुठे जोडलंय, ते बघा. मग तोच परत शिवा. चित्र सुंदर काढता येतं आणि कापड बेतता येत नाही, तिथे बरीच स्वप्नं अडकतात.

शिकायला वाटा आहेत. आयटीआयमध्ये ‘स्युईंग टेक्नॉलॉजी’ आणि ‘फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत. खारघरच्या ‘निफ्ट’ला प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. जुहूला एसएनडीटी आहेच. लांब जाणं जमत नसेल, तर बाजारातल्या टेलरमावशींकडे चार महिने बसा. काज-बटण, पिको-फॉल करताकरता गिऱ्हाइकाची तक्रार ऐका. ‘इथे काचतंय’, ‘हात वर होत नाही’, ‘मोबाइल कुठे ठेवू?’ डिझाइनचा खरा अभ्यासक्रम हाच.

आणि हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. कापड कितीचं, दोरा-चेन कितीची, तुमचे तास किती. मैत्रिणीसाठी शिवलं तरी मजुरी लावा. दोन मशीनचा धंदा वाढतो तो या वहीमुळे, नुसत्या हौसेने नाही.

आज घरी गेल्यावर एक काम करा. रोजच्या वापरातला एखादा कुर्ता काढा, शिलाई उसवा आणि त्याला एक खिसा लावा. पहिला वाकडाच होईल. होऊ दे. उद्या त्यात मोबाइल टाकून लोकलमध्ये चढा. बाजूची विचारेल, ‘हा कुठून घेतलास गं?’

तिला किंमत सांगायला विसरू नका.