टाइमलाइन बदलली, एडिट सुधारलं का?

जून 2011 मध्ये ॲपलने फायनल कट प्रो हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर मुळापासून नव्याने लिहून ‘टेन’ आणलं. त्याच्या मॅग्नेटिक टाइमलाइनवर मधली क्लिप उडवली की पुढच्या आपोआप सरकून फट बुजते, जोडलेला आवाजही सोबत सरकतो. रफ कटला हे वरदानच. पण जुने प्रोजेक्ट उघडेनात, मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र एडिट करायची सोय) गायब, एडिटर खवळले. ‘सवय मोडली म्हणून रडारड’ हा आरोप मला अर्धाच पटतो. मल्टिकॅम ही काही सवय नव्हे. जानेवारी 2012 मध्ये तो परत द्यावाच लागला.

मग जुनंच बरं? ‘फोकस’ (2015) हा चित्रपट टेनवर एडिट झाला, तर ‘पॅरासाइट’ (2019) चक्क जुन्या फायनल कट 7 वर! नव्या रचनेने क्लिक वाचतात, कुठे कापायचं ते कळत नाही. अर्थात डेडलाइनच्या रात्री सिंक न तुटणं हेही काही कमी नाही.