डोहातला दैत्य आणि काठावरचे भय

सुरतेहून अहमदाबादेच्या दिशेने जाणारी गाडी तापीचा पूल ओलांडून उत्राणच्या पुढे गेली, की कोसाडचे स्थानक लागते. धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांतून यंत्रमागाच्या आणि कापडाच्या धंद्यापायी जी असंख्य मराठी कुटुंबे सुरतेच्या आसमंतात स्थायिक झाली, त्यांपैकीच एक आमचे. आणि भुसावळच्या अंगाने वाहत आलेली आमच्या मुलखातली तापीच येथे सागराला मिळत असल्यामुळे, परप्रांतात आल्याची खंत आम्हांस फारशी कधी जाणवली नाही. परंतु २००६ च्या ऑगस्टात उकाई धरणाचे पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा बहुतांश भाग जलमय झाला, तेव्हा याच आईसारख्या नदीचे दुसरे रूप आम्ही पाहिले. दिवे गेलेले, गल्लीत काळे पाणी चढत चाललेले, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून घरातली लहानथोर माणसे त्या पाण्याकडे निःशब्दपणे पाहत असलेली, हे दृश्य मी विसरू शकत नाही. पाण्यात भयंकर असे काही दिसत नव्हते. काहीच दिसत नव्हते, आणि भयाचे कारण नेमके तेच होते.

ज्या चित्रपटांविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यांचे सारे शास्त्र त्या जिन्याच्या पायरीवर सामावलेले आहे. पाण्याखाली वास करणारा एखादा अक्राळविक्राळ प्राणी, त्याच्या तावडीत सापडणारी माणसे, आणि निर्मात्याच्या थैलीतील तुटपुंजी रक्कम, एवढ्या सामग्रीवर उभे राहिलेले भयपट जगात पुष्कळ निघाले. रबरी राक्षस आणि कागदी खडक म्हणून सुशिक्षित प्रेक्षकाने त्यांची बहुधा अवहेलनाच केली. मला मात्र असे वाटते, की पैशाच्या टंचाईनेच या चित्रपटांना भयाचे खरे स्थान दाखवून दिले, आणि ते स्थान डोहात नसून काठावर आहे.

आपल्या परंपरेला हे ज्ञान नवे नाही. विहिरीच्या आणि नदीच्या काठी सात दगडांना शेंदूर लावून ज्यांची पूजा होते त्या साती आसरा, बुडून मेलेल्या माणसाचा होणारा कोकणातला गिऱ्हा, गजेंद्राचा पाय धरणारा नक्र, आणि यमुनेच्या डोहात विष कालवणारा कालिया, या सर्वांचे वास्तव्य पाण्यात असले, तरी त्यांची कथा सांगणारा मनुष्य नेहमी काठावरच उभा असतो. पाण्याखाली काय घडले हे त्याने स्वतः पाहिलेले नसते. त्याने पाहिलेले असतात ते वर आलेले बुडबुडे आणि घाटावर तशीच राहिलेली घागर.

या देशात ही कथा पडद्यावर प्रथम आणण्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते, याचा उल्लेख आपण पुरेशा अभिमानाने करीत नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांनी नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतर्फे १९१९ साली ‘कालिया मर्दन’ हा मूकपट काढला. गुजरातशीही फाळक्यांचा ऋणानुबंध होता. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले आणि गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेस जाणारा, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने मोडून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा करणारा आणि रात्री घरातच फिल्मला छिद्रे पाडून घेणारा हा गृहस्थ. भांडवलाचा तुटवडा म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाची भूमिका त्यांनी सुमारे सात वर्षांची आपली कन्या मंदाकिनी हिला दिली. चित्रपटाच्या प्रारंभीच ती मुलगी प्रेक्षकांसमोर येऊन निरनिराळे भाव मुद्रेवर दाखविते आणि मग कृष्णाच्या वेषात प्रकट होते. ही एका चिमुकल्या मुलीची कला आहे, तिच्याकडे कौतुकाने पाहा, असे जणू बापाने आधीच सांगून ठेवले आहे.

आणि तरीही कृष्ण यमुनेत उडी घेतो तेव्हा छातीत धस्स होते. असे का व्हावे? पाण्याखाली कृष्ण आणि नाग यांची झुंज चालू असताना फाळके मधूनमधून आपल्याला वर घेऊन येतात, आणि व्याकुळ होऊन डोहाकडे टक लावून बसलेले गोकुळ दाखवितात. खालचा नाग हा कारागिरांनी घडविलेला आहे, हे प्रेक्षकाला कळते. पण काठावरचा आकांत घडविलेला वाटत नाही, कारण ज्याने कधी नदीवर गेलेल्या मुलाची संध्याकाळी वाट पाहिली आहे, त्याच्या काळजात तो पूर्वीपासूनच असतो. नागाच्या फण्यावर उभा राहून कृष्ण जेव्हा पृष्ठभागावर येतो, तेव्हा आपण नागापेक्षा काठावरचे चेहरे अधिक उत्सुकतेने पाहतो. फाळक्यांचे जे थोडे मूकपट आज बऱ्याच अंशी अखंड पाहावयास मिळतात, त्यांत या चित्रपटाची गणना होते.

पाण्याखाली चित्रण करणे इतके खर्चिक का, आणि पाण्याखालचे भय इतके आदिम का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पदार्थविज्ञानात एकाच ठिकाणी सापडतात. पाणी प्रकाश गिळते, आणि त्यातही तांबडा रंग प्रथम गिळते. काही मीटर खोल गेले की सारे जग निळसर-हिरवे होते आणि रक्तसुद्धा काळपट दिसू लागते. म्हणून कॅमेऱ्याला जलाभेद्य पेटी हवी, दिवे खाली न्यावयास हवेत, पाणबुडे हवेत, आणि पाणी गढूळ झाले की दिवसाचे काम तहकूब करावयास हवे. ध्वनीचा प्रकार त्याहून चमत्कारिक आहे. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर. दोन्ही कानांवर आवाज पोहोचण्यातील सूक्ष्म अंतरावरून आपण दिशा ओळखतो. पाण्यात ते अंतर इतके घटते की आवाज कोठून आला हेच उमगत नाही. ज्याला दूरचे दिसत नाही आणि ऐकलेल्याची दिशा कळत नाही, असा मनुष्य पाण्यात शिरताच शिकाऱ्याचे सावज होतो.

या अडचणींतून पहिली वाट जादूगाराने काढली. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कॅमेरा आणि देखावा यांच्या मध्ये माशांची काचपेटी ठेवून कोरड्या रंगमंचावर समुद्राचा तळ निर्माण केला. पुढे अमेरिकेत जॉन अर्नेस्ट विल्यम्सन यांनी जहाजातून खाली सोडलेल्या नळीच्या टोकाशी काचेची खिडकी असलेली कोठडी बसवून बहामा बेटांजवळच्या समुद्रात प्रत्यक्ष चित्रण केले, आणि १९१६ च्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या चित्रपटात कृत्रिम ऑक्टोपसाशी पाणबुड्याची झुंज दाखविली. परंतु असा थाट श्रीमंत कंपन्यांनाच परवडणारा होता.

गरिबांचे युग उघडले ते १९५४ साली. रॉजर कॉर्मन या तरुणाने निर्माता म्हणून आपल्या आरंभीच्या ‘मॉन्स्टर फ्रॉम द ओशन फ्लोअर’साठी एक-आसनी पाणबुडी तिच्या कारखानदारांकडून विनामूल्य मिळविली, चित्रपटात तिची जाहिरात होईल, एवढाच मोबदला. राक्षस म्हणून एक डोळ्याचे, ऑक्टोपसासारखे बाहुले पुरले. त्याच वर्षी युनिव्हर्सल कंपनीचा ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ आला. जमिनीवर वावरणारा प्राणी बेन चॅपमन यांनी साकारला, तर पाण्यातला रिकू ब्राउनिंग यांनी, फ्लोरिडातील वाकुला झऱ्यांत. वेषाच्या आत हवेची टाकी ठेवली असती तर बुडबुडे दिसून भ्रम भंगला असता; म्हणून ब्राउनिंग श्वास रोखून पोहत, आणि चित्रचौकटीबाहेर धरलेल्या नळीतून मध्येच श्वास घेत. हा प्राणी रेखाटणाऱ्या मिलिसेंट पॅट्रिक यांचे नाव श्रेयनामावलीत आले नाही. कित्येक दशकांनी त्यांना न्याय मिळाला. वर तरुणी निश्चिंत पोहत आहे आणि तिच्या खाली, तिचीच गती धरून, तो प्राणी पोहत आहे, हे या चित्रपटातील दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही; कारण तेथे काठ आणि डोह यांच्यामध्ये केवळ पाण्याचा एक थर उरतो.

पुढच्याच वर्षी ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’ या चित्रपटात सान फ्रान्सिस्कोचा पूल मोडणारा प्रचंड ऑक्टोपस रे हॅरीहाउसेन यांनी घडविला. बाहुलीचा प्रत्येक अवयव किंचित हलवून एकेक चित्र टिपावयाचे, आणि अशी चोवीस चित्रे मिळून पडद्यावरचा एक सेकंद, अशी ही पद्धत. खर्चाची तरतूद अपुरी, म्हणून त्यांनी आठांऐवजी सहाच भुजा केल्या. उरलेल्या दोन पाण्याखाली आहेत, असे प्रेक्षक समजून चालला. जमाखर्चातील तूट समुद्राने भरून काढली.

या विद्येची खरी परीक्षा पुढे एका महागड्या चित्रपटात झाली, हा दैवयोगच. १९७५ च्या ‘जॉज’साठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी यांत्रिक शार्क करविले, खाऱ्या पाण्याने ते वारंवार नादुरुस्त झाले आणि पंचावन्न दिवसांचे चित्रण एकशे एकोणसाठ दिवसांवर गेले. शार्क दाखविता येईना, तेव्हा दिग्दर्शकाने गरिबाचा मार्ग पत्करला: पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप, जॉन विल्यम्स यांचे दोन स्वर, आणि वाळूत खुर्ची टाकून समुद्राकडे अस्वस्थपणे पाहणारा पोलीस अधिकारी. येथेही कॅमेरा काठावरच्या चेहऱ्याकडे वळला आणि भय दसपट वाढले.

आपल्याकडे हिंदीत भयपटाचा अल्पखर्ची संसार रामसे बंधूंनी थाटला. ‘दो गज जमीन के नीचे’ हा त्यांचा चित्रपट १९७२ चा. त्याचे चित्रण त्यांनी महाबळेश्वरास केले. मात्र ते रमले कबरी आणि हवेल्यांत. याचे कारण व्यवहारात आहे. जुना वाडा आठवड्याच्या भाड्याने मिळतो, त्यात चार दिवे लावून धूर सोडता येतो. समुद्र भाड्याने मिळत नाही आणि भरती निर्मात्याच्या मुदतीची पर्वा करीत नाही. धर्मेंद्र आणि विनोद मेहरा यांचा ‘आतंक’ हा शार्कचा हिंदी चित्रपट १९९६ साली पडद्यावर आला, तेव्हा विनोद मेहरांना जाऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला होता. एवढ्यावरून पाण्यातील चित्रपट किती काळ रखडू शकतो याची कल्पना यावी.

या चित्रपटांतील दोष मी झाकू इच्छीत नाही. पुष्कळांचे कथानक ठिसूळ आहे, स्त्रीपात्राकडे पाहण्याची त्यांची दृष्टी अनेकदा हीन आहे, आणि काठावरचे चेहरे विसरून ज्यांनी रबरी राक्षसच वारंवार समोर आणला ते सपशेल फसले. आज संगणकावर हवा तसा जलदैत्य निर्माण करता येतो. त्याचे खवले मोजता येतात, त्याच्या डोळ्यांतील ओलसरपणाही दिसतो. परंतु जेथे सर्व काही दिसते तेथे पाहणाऱ्याच्या मनाला काही काम उरत नाही, आणि मनाने काम केल्यावाचून भय उपजत नाही. ज्यांच्यापाशी राक्षस दाखविण्याइतके द्रव्य नव्हते, त्यांना त्याची वाट पाहणारा मनुष्य दाखवावा लागला. ती त्यांची कलेला देणगी आहे असे मी मानतो.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की आपल्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा शाळेच्या दालनात एखाद्या संध्याकाळी पांढरा पडदा बांधावा आणि मुलांना ‘कालिया मर्दन’ दाखवावा. आम्ही कोसाडला राहणारी, तापीचा पूर पाहिलेली माणसे तो पाहताना डोहाकडे कमी आणि काठाकडे अधिक पाहू. मुले काय पाहतात ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. आणि नाग घडविणाऱ्या त्या अनाम कारागिरांची व बापाच्या शब्दावर भूमिका करणाऱ्या मंदाकिनीची ओळख त्यांना त्याच वेळी करून द्यावी.