माहिती चौकट : बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांतून सायकलने

मार्ग : बोन ते सांतने, सुमारे २२ किमी. वाटेत पोमार, व्होल्ने, मर्सो ही वाइनची नामांकित गावे.

रस्ता : मळ्यांमधली अरुंद वाट, हलके चढउतार. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टरही इथूनच जातात; त्यांना आधी वाट द्या.

द्राक्षे : लाल वाइनसाठी पिनो न्वार, पांढरीसाठी शार्दने.

वारसा : इथल्या मळ्यांच्या तुकड्यांना २०१५मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा. बोनमधील १४४३ साली स्थापन झालेले धर्मार्थ रुग्णालय जरूर पाहा.

हंगाम : मे-जून किंवा सप्टेंबर. तोडणी बहुधा सप्टेंबरात.

जपून : रक्तातील मद्याची लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारांनाही लागू आहे. चाखायची वाइन सायकल ठेवल्यावर, संध्याकाळीच घ्या.