मोहाचं तेल, काष्टिक आणि ईथर-बंध

मोहाचं नाव काढलं की शहरातल्या माणसाला दारूच आठवते. दारू फुलांची. गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे त्याच झाडाच्या बिया, म्हणजे टोळ, पावसाच्या तोंडाशी वेचतात, वाळवतात आणि त्यांचं तेल काढतात. फुलात साखर असते, म्हणून ती आंबते. बीच्या गरात मात्र जवळपास निम्मा मेद असतो. पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं भरपूर असल्यामुळे हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं.

त्याचा साबणही चांगला होतो, आणि दुसरा गैरसमज इथूनच निघतो: कुठलाही स्निग्ध पदार्थ काष्टिकात शिजवला की त्याचा साबण होतोच. मोहाच्या तेलात ग्लिसरीनला तीन मेदाम्लं एस्टर-बंधाने जोडलेली असतात. या बंधातल्या एका कार्बनला दुहेरी बंधाने आणखी एक ऑक्सिजन जोडलेला असतो आणि काष्टिक नेमकं त्या कार्बनवर घाव घालतं. ग्रॅमभर तेलाला सुमारे १९० मिलिग्रॅम काष्टिक पोटॅश लागतं. ईथर-बंधात दोन कार्बनांच्या मध्ये नुसता एक ऑक्सिजन असतो. काष्टिकाला हा बंध तोडता येत नाही. १९२२ मध्ये जपानच्या त्सुजिमोतो आणि तोयामा यांनी शार्कच्या यकृत-तेलातून ईथर-बंध असलेली बॅटिल आणि सेलाकिल अल्कोहोलं वेगळी काढली. बाकीच्या तेलाचा साबण होतो, ही मागे उरतात.

तेल काढून उरलेली टोळीची ढेप पाण्यात फेसाळते, म्हणून तिच्यात साबण असतो असं नाही. तो फेस सॅपोनिनचा. त्यानेच मासे गुंगतात, म्हणून ढेप तशीच गुरांपुढे टाकणं धोक्याचं.

'ईथर' म्हटल्यावर जुन्या काळचं भुलीचं औषध डोळ्यांसमोर येतं. ते डायएथिल ईथर, झटकन उडून जाणारं. ईथर-बंध असलेले मेद, म्हणजे ईथर-लिपिड, लांब साखळीचे, जड. दोघांत बंध तेवढा सारखा.

मग हे लिपिड शार्कमध्येच सापडतात का? मुळीच नाही. माणसाच्या हृदयात आणि मेंदूत प्लाझमॅलोजेन नावाचे ईथर-लिपिड भरपूर असतात. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव सापडले. आर्किया या साऱ्या कुळाचं पेशीपटल ईथर-बंधांवर उभं असतं. गोबरगॅसच्या टाकीत आणि गाईबैलांच्या पोटात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव याच कुळातले, त्यामुळे एटापल्लीच्या गोठ्यातही ईथर-लिपिड आहेतच.

हा चिवट बंध उद्योगालाही हवासा वाटतो. आर्कियांच्या लिपिडांपासून केलेल्या सूक्ष्म पिशव्या लशीचे घटक वाहून नेण्यासाठी प्रयोगशाळांत तपासल्या जातात. बॅटिल अल्कोहोल चेहऱ्याच्या क्रीममध्ये तेल आणि पाणी एकजीव ठेवायला मदत करतं. त्यासाठी शार्क मारलाच पाहिजे, हा समज तर सर्वांत घातक आहे. खोल पाण्यातले शार्क सावकाश वाढतात, थोडीच पिल्लं देतात, आणि स्टिअरिल अल्कोहोलपासून हाच पदार्थ कारखान्यात बनवता येतो.