यीस्ट नाही, ओव्हन नाही. तरीही आयर्लंडच्या खेड्यात ब्रेड कसा फुगायचा?

ब्रेड म्हटला की यीस्ट आणि ओव्हन आलेच. पण १९ व्या शतकात आयर्लंडच्या खेड्यांतील बहुतेक घरांत ओव्हन नव्हता. तरीही तिथे चुलीवर ताजा ब्रेड भाजला जायचा. त्याचे नाव सोडा ब्रेड. नेमका कसा बनायचा तो? जाणून घेऊया.

अडचण काय होती?

आयर्लंडची हवा थंड आणि दमट. तिथल्या गव्हात ग्लुटेन कमी असते. यीस्टने तयार होणारा वायू पिठात धरून ठेवायला तेच लागते. त्यामुळे यीस्टचा ब्रेड नीट फुगत नसे. गरिबांचे पोट भरायचे ते मुख्यतः बटाट्यावर. सोबतीला ओटच्या कडक भाकऱ्या.

मग ब्रेड फुगला कसा?

१८३० च्या दशकापासून तिथे खायचा सोडा मिळू लागला. लोणी काढल्यावर उरणारे आंबट ताक होतेच. ताकातील आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पीठ फुगते. हा वायू लगेच सुटू लागतो. म्हणून पीठ फार न मळता पटकन भाजायला ठेवतात.

ओव्हनशिवाय भाजायचे कशात?

'बॅस्टिबल' नावाच्या बिडाच्या झाकणाच्या भांड्यात. ते चुलीत टांगायचे आणि झाकणावरही निखारे ठेवायचे. वरून-खालून आच मिळाली की झाला ओव्हन! उत्तरेकडील अल्स्टर भागात मात्र तव्यावर चार तुकडे करून भाजत. त्यांना 'फार्ल' म्हणतात.

वर फुली कशासाठी?

पऱ्या बाहेर पडाव्यात म्हणून, असे जुनी माणसे सांगत. खरे कारण साधे आहे. फुलीमुळे उष्णता जाड मध्यभागापर्यंत पोहोचते आणि ब्रेड सहज मोडता येतो.

याचे महत्त्व काय?

१८४५ मध्ये बटाट्यावर रोग पडला. १८५२ पर्यंत चाललेल्या दुष्काळात सुमारे १० लाख लोक मेले, तर तितकेच देश सोडून गेले. एकाच पिकावर जगण्याची ती किंमत होती. त्यानंतर बटाट्यावरची भिस्त कमी होत गेली आणि सोडा ब्रेड खेड्यातला नेहमीचा ब्रेड बनला.

आज घरोघरी ओव्हन आले. मूळ कृती मात्र तीच आहे: पीठ, मीठ, सोडा आणि ताक.