पोलादी भांड्यांची निगा

आमचें कर्वेनगर म्हणजे पूर्वींचें हिंगणे बुद्रुक. मुठेकांठचा हा गांव आतां पुणें शहरांत मिसळून गेला आहे, आणि येथील स्वयंपाकघरांतून तांब्यापितळेचीं भांडीं जाऊन स्टेनलेस स्टीलचीं आलीं आहेत. भांडीं बदललीं, परंतु घांसण्याची रीत पुष्कळ घरांत पितळेचीच राहिली. शेतकरी बंधूंच्या घरींही बहुधा हाच प्रकार असल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

पितळ हवेनें काळवंडतें. चिंच व मीठ लावून घांसलें असतां वरचा काळा थर विरघळतो व आंतील धातु चकाकूं लागतो. स्टीलची गोष्ट निराळी. सन १९१३ मध्यें इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यांनीं बंदुकीच्या नळीसाठीं धातु शोधतांना क्रोमियम घातलेलें, न गंजणारें पोलाद तयार केलें. आजच्या चांगल्या भांड्यांत शेंकडा सुमारें १८ भाग क्रोमियम व ८ भाग निकेल असतें. क्रोमियमचा हवेशीं संयोग होऊन भांड्यावर डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा बसतो. तोच गंजापासून रक्षण करितो. ओरखडा पडला तरी तो पुनः भरून येतो. मिठानें मात्र तो फुटतो व तेथें बारीक खड्डे पडतात. म्हणून चिंचेबरोबर मीठ घेऊं नये, लोणचें स्टीलच्या डब्यांत मुरत ठेवूं नये, आणि आधणांत मीठ उकळी आल्यावरच घालावें.

तेलकट भांड्यास लांकडाची चाळलेली राख अगर रिठ्याचें पाणी पुरतें. वाळू व विटेचा चुरा वर्ज्य समजावा. विहिरीच्या अगर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आणि तापून आलेली निळसर झांक चिंचेच्या कोळानें किंवा लिंबाच्या रसानें जाते. करपलेल्या भांड्यांत पाणी व दोन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटें उकळावें, आणि निवल्यावर लांकडी उलथण्यानें खरवडावें. सोडा व लिंबू एकत्र केल्यास फेस पुष्कळ येतो, पण दोहोंचा गुण एकमेकांस मारितो. लोखंडी तारेची घांसणी वापरूं नये. तिचे कण भांड्यावर राहून गंजतात, व दोष भांड्यास लागतो. नारळाचा काथ्या उत्तम.

दूध विकणाऱ्यांनीं विशेष जपावें. किटली रिकामी होतांच प्रथम थंड पाण्यानें विसळावी. एकदम कढत पाणी ओतल्यास दुधाचा अंश गोठून कडेस चिकटतो. नंतर सोड्याच्या कढत पाण्यानें घांसून, स्वच्छ धुवून, पालथी घालून वाळवावी. पिवळट खर धरला असल्यास तो चिंचेच्या कोळानें काढून किटली पुनः धुवावी. त्या खरांत दडलेले जंतु दुसऱ्या दिवशींचें दूध नासवितात, आणि संकलन केंद्रावरून परत आलेल्या दुधाचा तोटा सबंध घरास सोसावा लागतो. चिमूटभर सोडा व घोटभर कोळ यांचा खर्च त्यापुढें कांहींच नाहीं.