एका गुडघ्यावरचे दोनशे मीटर

येवगेनियुस शुक्लिनास हा लिथुआनियाचा कॅनोपटू जगाला ठाऊक झाला तो 11 ऑगस्ट 2012 रोजी, लंडन ऑलिंपिकमध्ये डॉर्नी तलावावर झालेल्या सी-1, म्हणजे एकट्याच्या कॅनोच्या, 200 मीटर शर्यतीमुळे. पुरुषांची ही शर्यत त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली होती. युक्रेनच्या युरी चेबानने 42.291 सेकंदांत सुवर्ण जिंकले. शुक्लिनास 42.792 सेकंदांत दुसरा आला, तर रशियाचा इव्हान श्टिल 42.853 सेकंदांत तिसरा. दुसऱ्या आणि तिसऱ्यात पाण्यावरचे अंतर पडले जेमतेम एक फूट.

अशी शर्यत पाहताना एक प्रश्न हमखास पडतो: कॅनोपटू एकाच बाजूने वल्हवतो, मग बोट गोल का फिरत नाही?

कयाकमध्ये खेळाडू बसतो, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाते असते आणि सुकाणू पायाने फिरते. सी-1 बोटीत यातले काहीच नाही. खेळाडूचा एक गुडघा फोमच्या ठोकळ्यावर टेकलेला, दुसरा पाय पुढे रोवलेला आणि वल्ह्याला पाते एकच. उजवीकडून पाणी ओढले की नाळ डावीकडे वळू पाहते. म्हणून वल्हे बाहेर काढण्याआधी खेळाडू पाते किंचित फिरवून पाणी बाहेरच्या अंगाला ढकलतो आणि नाळ परत वाटेवर आणतो. हे प्रत्येक फटक्याला करावे लागते. दुरुस्ती जास्त झाली तर वेग मरतो, कमी झाली तर बोट तिरकी जाते. हजार मीटरमध्ये अशी चूक भरून काढायला वेळ मिळतो, दोनशेमध्ये नाही. शर्यत सुटताना नाळ अडवून धरणारी यांत्रिक खोबण इशाऱ्यासरशी पाण्यात बुडते. तिथून उभ्या बोटीला वेग देणारे पहिले काही फटकेच निम्मी शर्यत ठरवतात.

चाळिसेक सेकंदांची अशी शर्यत मोबाइलच्या पडद्यावर अखंड पाहता येते. कॅनो कधी हाती न धरलेला माणूसही ती शेवटपर्यंत पाहतो. लंडनच्या चित्रीकरणात शुक्लिनास आजही दुसराच येतो. निकालपत्रात मात्र नाही. ऑलिंपिकमधील उत्तेजक चाचणीचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवले जातात आणि तपासाच्या पद्धती सुधारल्या की पुन्हा तपासले जातात. अशा फेरतपासणीत त्याच्या नमुन्यात ट्युरिनाबोल हे स्टिरॉइड सापडले. या द्रव्याचे शरीरात दीर्घकाळ टिकणारे अवशेष ओळखण्याची पद्धत लंडनच्या सुमारास नुकतीच हाती येत होती. 2019 मध्ये त्याचे पदक काढून घेण्यात आले. रौप्य श्टिलकडे गेले आणि कांस्य चौथ्या आलेल्या स्पेनच्या अल्फोन्सो बेनाविदेसकडे.

शर्यतीचे आयुष्यही थोडकेच ठरले. रिओत 2016 मध्ये चेबानने पुन्हा सुवर्ण जिंकले आणि त्यानंतर पुरुषांची सी-1 200 ऑलिंपिकमधून वगळली गेली. टोकियोपासून सी-1 200 मध्ये महिला उतरतात. पॅरिसमध्ये 2024 साली कॅनडाच्या केटी व्हिन्सेंटने अमेरिकेच्या नेव्हिन हॅरिसनला हरवले, तेही अवघ्या एका शतांश सेकंदाने.